स्केलपट्टी घेऊन पुस्तकांच्या दुकानात

आर्किटेक्चर आणि डिझाइनची चांगली पुस्तकं मोठ्या शहरांतल्या दुकानांत कशी शोधायची आणि हातात आल्यावर कशी पारखायची, याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोठ्या दुकानात 'आर्किटेक्चर'च्या पाटीखाली आलिशान घरांची जाडजूड फोटोपुस्तकंच दिसतात. अभ्यासाची पुस्तकं दुकानदार ठेवतच नाहीत का?

ठेवतात, पण एका जागी नाही. प्रत्येक पुस्तक दुकानात येतं ते प्रकाशकाने लावलेला विषयसंकेत घेऊन, आणि ते कुठल्या कपाटात जाणार हे बहुतेक वेळा त्या संकेतावरच ठरतं. अमेरिकी प्रकाशक बायसॅक नावाची पद्धत वापरतात. तिच्यात आर्किटेक्चर, डिझाइन, घर व गृहसजावट आणि तंत्रज्ञान असे चार वेगळे गट आहेत. इतर अनेक देशांत थीमा ही पद्धत चालते, तिच्यातही बांधकामशास्त्र आर्किटेक्चरपासून बरंच लांब पडतं. त्यामुळे वीटकाम, छपरं, वॉटरप्रूफिंग यांवरचं पुस्तक इंजिनीअरिंगमध्ये सापडतं. नगररचना भूगोल किंवा समाजशास्त्राकडे जाते, लँडस्केप बागकामात जातं आणि वास्तुविचारावरचं लेखन कला किंवा तत्त्वज्ञानात. फर्निचरची पुस्तकं अनेकदा हस्तकलेच्या कपाटात असतात.

म्हणून 'आर्किटेक्चर'च्या पाटीपासून सुरुवात करा, पण नजरेच्या उंचीवरच्या फळीवर थांबू नका. तिथे भराभर खपणारा माल असतो. सगळ्यात खालची फळी आधी बघा. आडव्या आकाराची पुस्तकं उभी ठेवली की फळीच्या बाहेर येतात, म्हणून ती तळाला किंवा आडवी रचलेली असतात, आणि आर्किटेक्टच्या कामाचे संग्रह पुष्कळदा याच आकारात निघतात. आधुनिक वास्तुकलेतले नामवंत आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए यांच्या समग्र कामाचे ८ खंड आडवेच आहेत. त्यानंतर इंजिनीअरिंग, बागकाम आणि कला या तीन कपाटांना एक फेरी मारा. शेवटी काउंटरवरच्या माणसाला नुसतं 'आर्किटेक्चरची पुस्तकं आहेत का' असं विचारू नका. या विषयाची खरेदी कोण बघतं ते विचारा आणि त्या व्यक्तीशी बोला. न खपलेली पुस्तकं काही महिन्यांनी प्रकाशकाकडे परत जातात. संथ खपणारं पुस्तक कपाटात टिकलेलं दिसलं, तर दुकानात कुणीतरी जाणकार ते हट्टाने ठेवतं आहे असं समजा.

संग्रहालयांच्या दुकानांतही जरूर जा. प्रदर्शनाचा कॅटलॉग प्रदर्शन सुरू असेपर्यंत सहज मिळतो. नंतर तो शोधत हिंडावं लागतं.

प्रश्न : मी इंटिरिअरची कामं करते. जाड, महागडं पुस्तक घरी आणल्यावर लक्षात येतं की फोटो सोडले तर हाती काहीच लागत नाही. दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटांत पुस्तक कसं पारखायचं?

फोटो सगळ्यात शेवटी बघा. आर्किटेक्चरच्या पुस्तकाचा कस ड्रॉइंगमध्ये लागतो, आणि ड्रॉइंग खरं की सजावटीपुरतं हे दुकानातच कळू शकतं. त्यासाठी पर्समध्ये दोन वस्तू असू द्या : १५ सेंटिमीटरची पट्टी आणि दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग.

आधी एक प्रकल्प निवडा. मुखपृष्ठावरची इमारत नको, तिच्या वाट्याला सगळ्यात जास्त पानं आणि सगळ्यात जास्त निगा आलेली असते. मधलाच एखादा प्रकल्प घ्या. साइट प्लॅन आहे का? प्रत्येक मजल्याचा प्लॅन आहे का, की फक्त तळमजला देऊन बाकीचं फोटोंवर भागवलं आहे? दोन तरी सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापून आतलं दाखवणारी ड्रॉइंग, आणि एखादं मोठ्या स्केलचं डिटेल, म्हणजे एखाद्या भागाच्या बांधणीचं जवळून काढलेलं ड्रॉइंग हवं. सेक्शन कुठून घेतला ती रेघ प्लॅनवर हवी, उत्तर दिशाही हवी. मग प्लॅनमधला जिना सेक्शनमध्ये शोधा. पायऱ्यांची संख्या आणि चढण्याची दिशा जुळली, तर ही ड्रॉइंग कुणीतरी एकमेकांशी ताडून घेतली आहेत. आता एक फोटो घ्या आणि तो कुठे उभं राहून काढला ते प्लॅनवर बोट ठेवून सांगता येतं का बघा. हे जमत असेल तर पुस्तक तुम्हाला इमारतीत फिरवू शकेल.

पुढे पट्टी काढा. दाराची रुंदी साधारण ९०० मिलिमीटर धरा. १:५० ला, म्हणजे प्रत्यक्षातले ५० मिलिमीटर कागदावर १ असताना, ते दार १८ मिलिमीटरचं दिसायला हवं, १:१०० ला ९ आणि १:२०० ला साडेचार. खाली '१:५०' छापलं आहे आणि दार भरतं साडेचार मिलिमीटर, असं पुष्कळदा आढळतं. ऑफिसात ड्रॉइंग ए१ कागदावर म्हणजे ८४१ मिलिमीटर रुंदीत बनलेलं असतं. ते २१० मिलिमीटरच्या पानात बसवताना एक चतुर्थांश होतं, पण स्केलचा आकडा कुणी बदलत नाही. त्याच हिशोबाने अडीच मिलिमीटरचं अक्षर सहा दशांश मिलिमीटरवर येतं आणि वाचताच येत नाही. चांगला संपादक अशी ड्रॉइंग पुस्तकासाठी नव्याने काढून घेतो : रेघांची जाडी बदलतो, नको ती मापं काढून टाकतो, खोल्यांना आकडे देऊन बाजूला यादी देतो. स्केल आकड्याऐवजी छोट्या पट्टीच्या रूपात काढलेलं असेल तर उत्तमच. ड्रॉइंग लहान झालं की ती पट्टीही तेवढीच लहान होते, चूक राहायला जागाच उरत नाही.

भिंगाचं काम त्यानंतर. प्लॅनमधली भिंतीची काळी रेघ भिंगातून बघा. रेघ सलग काळी दिसली तर ड्रॉइंग मूळ फाइलवरून छापलं आहे. ती बारीक ठिपक्यांची बनलेली, कडेला दातेरी दिसली तर ड्रॉइंग फोटोसारखं स्कॅन करून छापलं आहे. अशा छपाईत बारीक रेघा मधेमधे तुटतात आणि खिडकीची चौकट, काच, उंबरठा सगळं एकमेकांत मिसळतं. काळ्या रेघेच्या कडेला निळी किंवा लालसर किनार दिसली तर रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसलेले नाहीत. दुसरी प्रत मागा. हा दोष एखाद्या प्रतीपुरता असू शकतो.

दोन पानांवर पसरलेलं ड्रॉइंग दिसलं की पुस्तक पूर्ण उघडून मधली घडी बघा. नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या बांधणीत प्रत्येक पानाचा ५ मिलिमीटरचा पट्टा सहज आत जातो. दोन्ही बाजूंचे मिळून १० झाले. १:२०० ला हे २ मीटर होतात, एवढ्यात सबंध जिना गडप होतो.

बांधणी तपासायला पुस्तक मिटून वरून पाठीकडे बघा. दुमडलेल्या कागदांचे छोटे छोटे जुडगे, म्हणजे फर्मे, वेगवेगळे दिसत असतील तर शिलाई असण्याची शक्यता आहे. खात्रीसाठी एखाद्या फर्म्याच्या मधोमध उघडा, तिथे दोरा दिसेल. सुट्या कागदांच्या कडा सरळ गोंदात बुडवलेल्या असतील तर जाड चकचकीत आर्ट पेपरवर तो गोंद फार वर्षं धरत नाही, कारण कागदावरचा गुळगुळीत थर गोंदाला आतल्या तंतूंपर्यंत पोचू देत नाही. जे पुस्तक टेबलावर उघडं ठेवून काम करायचं, ते शिवलेलंच घ्या.

मजकुरात दोन गोष्टी बघा. शेवटी सूची आहे का? आणि ड्रॉइंग बांधलेल्या इमारतीची आहेत की प्रस्तावाची, हे कुठे सांगितलं आहे का? हा घोटाळा फार जुना आहे. इटालियन आर्किटेक्ट पालाडिओने १५७० साली आपल्या ग्रंथात स्वतःच्या इमारती छापल्या, त्या पुष्कळदा त्याच्या मनात होत्या तशा. प्रत्यक्षात अर्धवट राहिलेले भागही तिथे पूर्ण झालेले दिसतात. आजच्या आर्किटेक्टने स्वतःच्या कामावर काढलेल्या पुस्तकातही स्पर्धेसाठी केलेला प्लॅन आणि पूर्ण झालेल्या इमारतीचा फोटो शेजारी शेजारी येऊ शकतात. खिडक्यांची संख्या मोजली की ते उघड होतं.

फोटोंचंच पुस्तक घेण्यासारखं असतं ते एका बाबतीत : इमारती पाडल्या गेल्या असतील किंवा ओळखू येणार नाहीत इतक्या बदलल्या असतील तेव्हा. तिथे फोटो हाच दस्तऐवज आहे. मात्र प्रत्येक फोटोखाली साल आणि जागा हवी.

प्रश्न : प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक पारखायचं कसं?

उघडून दाखवायला सांगा. बऱ्याच दुकानांत पाहण्यासाठी एक प्रत सुटी असते, नसेल तर कर्मचारी एक उघडून देतात. स्वतः प्लास्टिक फाडू नका. ते नाहीच म्हणाले तर प्रकाशकाच्या संकेतस्थळावर आतली पानं बघा. तिथे निवडून फोटोच ठेवलेले असतील आणि एकही प्लॅन नसेल, तर आतही फारसे नसणार असं धरून चालायला हरकत नाही.

प्रश्न : जुन्या पुस्तकांच्या दुकानात नॉयफर्टची जुनी आवृत्ती स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का? आणि एकूणच जुनी आवृत्ती कधी चालते, कधी चालत नाही?

एर्न्स्ट नॉयफर्ट यांचा हा मापांचा संदर्भग्रंथ १९३६ साली जर्मनीत निघाला आणि तेव्हापासून सुधारत आला आहे. जुनी प्रत मापांची जाण येण्यासाठी घ्यायला हरकत नाही, पण तिच्यावर भिस्त ठेवून काम करू नका. माणसाच्या शरीराला लागणारी जागा, टेबलाभोवतीची मोकळी वाट, जिन्याचं गणित या गोष्टी टिकून आहेत. दोन पायऱ्यांची उंची अधिक एका पायरीची रुंदी मिळून ६०० ते ६४० मिलिमीटर, हा नियम आजही चालतो. व्हीलचेअरला लागणारी जागा, आगीच्या वेळी बाहेर पडण्याचे मार्ग, गाड्यांचे आकार, ऑफिसातलं फर्निचर, काचेचे आणि उष्णतारोधनाचे तपशील यांत मात्र जुनी आवृत्ती सरळ चुकीच्या मार्गाला लावेल. जमा करायच्या ड्रॉइंगसाठी कुठल्याही वर्षाच्या संदर्भग्रंथापेक्षा तुमच्या ठिकाणचे चालू नियमच प्रमाण.

इतिहासाच्या पुस्तकांचं वेगळं आहे. बॅनिस्टर फ्लेचर यांचा वास्तुइतिहास १८९६ साली प्रथम आला. त्याच्या जुन्या आवृत्त्यांतले तुलनेसाठी एकत्र मांडलेले रेखाचित्रांचे पट आजही पाहण्यासारखे आहेत. पण १९०१ च्या चौथ्या आवृत्तीत भारत, चीन, जपान आणि इस्लामी जगाची वास्तुकला 'अनैतिहासिक' म्हणून वेगळी काढली गेली, आणि ती मांडणी पुढे बराच काळ टिकली. जुनी प्रत पटांसाठी घ्या. मजकुरासाठी २०१९ ची एकविसावी, दोन खंडांतली आवृत्ती ग्रंथालयात बघा.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत गल्लत होऊ देऊ नका. शीर्षकाच्या पानामागे तपशील असतो. तिथे '१० ९ ८ ७ ६ ५ ४ ३' अशी आकड्यांची ओळ दिसली, तर त्यातला सगळ्यात लहान आकडा कितवी छपाई ते सांगतो, म्हणजे ही तिसरी. मजकूर मात्र पहिल्या छपाईचाच असतो. छपाईचं साल ताजं असलं म्हणून आतली माहिती ताजी ठरत नाही.

जुनी प्रत घेताना पानांचे आकडे सलग आहेत का बघा, विशेषतः सगळ्यात प्रसिद्ध इमारतीच्या आसपास. पानं तिथूनच कापली जातात. घडीचे नकाशे असतील तर यादीशी ताडून एकेक उलगडा. आर्ट पेपरचं पुस्तक कधी भिजलं असेल तर पानं एकमेकांना विटेसारखी चिकटतात आणि सोडवायला गेलं की छपाई सोलून निघते. त्यावर उपाय नाही. कुबट वास येत असेल तर बुरशी जिवंत असू शकते. ती शेजारच्या पुस्तकांनाही लागते, तेव्हा कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

कडेला, खालच्या बाजूने पानांवर मार्करची रेघ किंवा ठिपका असलेली नवी पुस्तकं सवलतीत दिसली तर बिचकू नका. प्रकाशकाने उरलेला साठा काढून टाकल्याची ती खूण असते. पुस्तकात खोट असते असं नाही.

प्रश्न : शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथाची नवी छापील प्रत मागवली. आतले मोठे नकाशे अर्धेच आले आहेत. असं का झालं?

मागणीनुसार एकेक प्रत छापून देणाऱ्यांकडून ती आली असावी. कॉपीराइट संपलेल्या ग्रंथाचा कुठलासा स्कॅन उचलायचा आणि जसाच्या तसा छापायचा, अशी ही पद्धत. स्कॅन करणाऱ्याने घडीचा नकाशा न उलगडताच पान उलटलं असेल, तर छापील प्रतीत घडीचा वरचा तुकडाच येतो. जुन्या पिवळ्या कागदाची राखाडी छटा, बारीक रेघांचा चिखल आणि कधी पानाच्या कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचं बोट, हेही सोबत येतं.

अशी प्रत ओळखता येते. शीर्षकाच्या मागच्या पानावर मूळ प्रत कुठल्या आवृत्तीची, कुठल्या संग्रहातली याचा पत्ता नसतो. मुखपृष्ठाला विषयाशी देणंघेणं नसतं, आणि अगदी शेवटच्या पानावर नुसता बारकोड नि छपाईची नोंद असते. याउलट जबाबदार पुनर्मुद्रणात आधार स्पष्ट सांगितलेला असतो. डोव्हर या प्रकाशनसंस्थेने १९६५ साली काढलेली पालाडिओच्या ग्रंथाची प्रत १७३८ च्या आयझॅक वेअर यांच्या इंग्रजी आवृत्तीवरून छापली आहे, आणि वाचकाला ते समजतं. असं पुनर्मुद्रण मिळत नसेल तर पैसे घालवू नका. मोठ्या ग्रंथालयांनी यांतले बरेच ग्रंथ स्वतः डिजिटल करून मोफत ठेवले आहेत. नकाशे उलगडून टिपलेला स्कॅन निवडा आणि लागतील तेवढीच पानं मोठ्या कागदावर छापून घ्या.

प्रश्न : रंगांवरचं एक प्रसिद्ध पुस्तक दोन दुकानांत दोन आकारांत दिसलं. नाव, लेखक तेच. लहान घेतलं तर काय बिघडेल?

पत्रात नाव दिलं आहे ते योझेफ आल्बर्स यांच्या रंगविषयक पुस्तकाचं, आणि इथे पुष्कळ बिघडू शकतं. १९६३ साली ते प्रथम आलं तेव्हा सोबत सिल्कस्क्रीनने छापलेले सुमारे दीडशे रंगपट होते. १९७१ ची खिशात मावणारी आवृत्ती निघाली तिच्यात रंगीत चित्रं अगदी मोजकी. मजकूर सांगतो की एकच रंग दोन पार्श्वभूमींवर दोन वेगळ्या रंगांसारखा दिसतो, पण ते डोळ्यांना पटवणारा पट समोर नसेल तर वाक्य नुसतं पाठ होतं. नंतरच्या विस्तारित आवृत्त्यांत रंगपट वाढवले आहेत, त्यांतली घ्या.

हेच सगळ्या डिझाइनच्या पुस्तकांना लागू आहे : जे शिकवायचं ते पानावर छापलेलं आहे का? टायपोग्राफीच्या पुस्तकात अक्षरांचे नमुने खऱ्या आकारात हवेत, पोस्टरच्या फोटोत दिसणारे पुरत नाहीत. फर्निचरच्या पुस्तकात सांधा सुटा करून दाखवलेला हवा, जाडी आणि लाकडाच्या रेषेची दिशा हवी. रंग बघताना पुस्तक खिडकीपाशी न्या. दुकानातले पिवळे दिवे राखाडी रंगाला उबदार करून दाखवतात.

प्रश्न : मासिकांचे जुने अंक पुस्तकांच्या जागी घेतले तर चालतील का? त्यातली डिटेल तशीच वापरता येतात का?

अंक जरूर घ्या. बांधकामाच्या तपशिलांसाठी अनेक पुस्तकांपेक्षा ते सरस आहेत. म्युनिकहून १९६१ पासून निघणाऱ्या 'डिटेल'चे अंक जिने, छपरं, दर्शनी भिंती अशा एकेका विषयाला वाहिलेले असतात, आणि भिंतीच्या सेक्शनमधल्या प्रत्येक थराला आकडा व जाडी दिलेली असते. माद्रिदचं 'एल क्रोकिस' आणि जपानचं 'ए प्लस यू' एकेका आर्किटेक्टवर संपूर्ण अंक काढतात. दुकानात असे अंक आधी मासिकांच्या स्टँडवर असतात आणि मग पुस्तकांच्या कपाटात जातात, तेव्हा दोन्हीकडे बघा. शोधताना आर्किटेक्टच्या नावासोबत अंकाचा क्रमांक सांगा.

डिटेल मात्र तसंच उचलू नका. थंड हवेच्या देशांत बाष्परोधक थर भिंतीच्या आतल्या, उबदार बाजूला असतो, कारण ओलसर हवा आतून बाहेर जाते आणि थंड थराशी तिचं पाणी होतं. उष्ण, दमट हवेत आत एसी चालू असेल तर हवेतला ओलावा बाहेरून आत यायला बघतो. तोच थर त्याच जागी ठेवला की पाणी भिंतीच्या पोटात साठतं. चित्र वाचताना आधी इमारत कुठल्या हवामानातली ते बघा आणि मग प्रत्येक थर तिथे का आहे हे स्वतःला विचारा.

प्रश्न : हवं असलेलं पुस्तक दुकानात नसेल तर मागवताना काय सांगावं?

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीला मिळणारा ओळखक्रमांक सांगा. नुसत्या नावावर मागवलं की भलतीच आवृत्ती येते. पुठ्ठा बांधणी आणि कागदी बांधणी यांचे क्रमांक वेगळे असतात, सुधारित आवृत्तीला नवा क्रमांक मिळतो, साध्या पुनर्मुद्रणाला मिळत नाही. २००७ पूर्वीच्या पुस्तकांवर १० आकडी क्रमांक असतो. त्याच्यापुढे नुसतं ९७८ लावून चालत नाही, कारण शेवटचा तपासणीचा आकडा नव्याने काढावा लागतो. दुकानातल्या संगणकाला १० आकडी क्रमांक तसाच द्या, बहुतेक यंत्रणा तो स्वतः बदलून घेतात.

छपाई संपली आहे असं उत्तर मिळालं तर नवी आवृत्ती जाहीर झाली आहे का ते प्रकाशकाकडे विचारायला सांगा. मग जुन्या पुस्तकांच्या दुकानांत नाव नोंदवून ठेवा. या विषयातल्या पुस्तकांच्या प्रती मुळातच कमी निघतात, त्यामुळे चढ्या भावाने पहिली दिसेल ती प्रत घेण्याआधी ग्रंथालयातून आणून वाचून बघा. विषयांना आकडे देणारी ड्यूई पद्धत वापरणाऱ्या ग्रंथालयात आर्किटेक्चर ७२० पासून, बांधकाम ६९० ला, नगररचना ७११ ला आणि इंटिरिअर ७४७ ला सापडेल.

पुस्तक हाती आलं की दुकानातच सगळी पानं भरभर चाळा. बांधणी करताना एखादा फर्मा दोनदा लागतो आणि त्याच्या शेजारचा राहून जातो. फर्मा १६ पानांचा असेल तर ६४ नंतर पुन्हा ४९ येतं आणि ६५ ते ८० ही पानं गायब असतात. ही छपाईकडची चूक असल्याने प्रत बदलून मिळते. बिल सांभाळून ठेवा आणि त्या पानांचे आकडे बिलाच्या मागे लिहून द्या, म्हणजे दुकानाला प्रकाशकाकडे दाखवायला सोपं जातं.